पट्टेदार मासा कोठें सांपडतो?

मासे धरण्याचा विषय या पानांवर आलेला पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. कोंकणांतील व गोमंतकांतील सारस्वत मंडळी सोडली, तर आमच्या वाचकवर्गापैकीं फारच थोड्या घरांत मासा चुलीवर चढतो. आमच्या घरीं तर तो कधींच चढला नाहीं. तथापि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत जो 'मानसोल्लास' ग्रंथ रचिला, त्यांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदालाहि एक प्रकरण दिलेलें आहे. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें, गळाचा दोर कसा असावा, इतका बारीक तपशील त्यांत संस्कृत श्लोकांतून सांगितला आहे. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत होतों, तेव्हां हें प्रकरण वर्गांत घेण्याचा प्रसंग अर्थातच आला नाहीं. निवृत्तीनंतर तें सवडीनें वाचलें. आणि पुढें योगायोग असा कीं, सातासमुद्रांपलीकडे एका माशाचा ठावठिकाणा शोधणाऱ्या मंडळींत आमचे कांहीं दिवस गेले. त्या माशाची हकीकत पाण्याच्या विद्येविषयीं पुष्कळ कांहीं शिकविणारी आहे, म्हणून ती येथें देतों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेनेसी या संस्थानांत नॉक्सव्हिल म्हणून शहर आहे. तेथें आमचा भाचा नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे आमचा दोन वेळां मुक्काम झाला. एकदां एप्रिलांत, एकदां भर ऑगस्टांत. शहराच्या आसपास डोंगर, आणि डोंगरांतून येणाऱ्या क्लिंच, होल्स्टन वगैरे नद्यांवर जागोजाग धरणें. टेनेसी खोऱ्याच्या सरकारी मंडळानें बांधलेलें पहिलें धरण नॉरिस; तें १९३६ सालीं पुरें झालें. होल्स्टनवरील चेरोकी धरण १९४१ सालचें. (आपल्याकडील दामोदर खोरे महामंडळ १९४८ सालीं याच मंडळाच्या धर्तीवर निघालें, हें भूगोलाच्या शिक्षकांस माहीत असेलच.) या धरणांमागच्या तलावांत, समुद्रापासून शेंकडों मैल दूर, एक समुद्राचा मासा राहतो. त्याचें नांव 'स्ट्राइप्ड बास', म्हणजे पट्टेदार बास.

रुपेरी अंग आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर रेघा, जणूं कोणी पट्टी ठेवून आंखलेल्या. ही त्याची खूण. त्याच्या लॅटिन नांवांतील 'सॅक्सॅटिलिस' या शब्दाचा अर्थ खडकांत राहणारा, आणि चेसापीक उपसागराकडील लोक तर त्यास नुसतें 'रॉक', म्हणजे खडक, असेंच म्हणतात. पूर्व किनाऱ्यावर इंग्रज वसाहतवाले उतरले तेव्हां हा मासा इतका मुबलक होता कीं, लोक तो शेतांत खत म्हणून पुरीत. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनें १६३९ सालीं कायदा करून ती चाल बंद केली. पुढें १६७० सालीं प्लिमथच्या वसाहतीनें केप कॉडच्या मासेमारीच्या उत्पन्नांतून फुकट शाळा चालविण्याची व्यवस्था केली, व त्या उत्पन्नांत या माशाचाहि वांटा होता. जन्मभर हातांत खडू धरलेल्या माणसास ही नोंद वाचून त्या माशाविषयीं थोडी आपुलकी वाटूं लागली, तर वाचकांनीं क्षमा करावी.

हा मासा वाढतो समुद्रांत आणि खाड्यांत, परंतु अंडीं घालण्यास नदींत येतो. वसंतांत नदीचें पाणी सुमारें पंधरा ते वीस अंश सेंटिग्रेड झालें कीं, त्याच्या झुंडी प्रवाहाविरुद्ध वर चढूं लागतात. मोठ्या मादीच्या पोटांत दहा लाखांहूनहि अधिक अंडीं असतात. एकेका मादीभोंवतीं अनेक नर गोळा होतात आणि पाण्याच्या पृष्ठावर अशी धुमश्चक्री उडते कीं, रोअनोक नदीकांठचे लोक त्या प्रकारास 'लढाई' असेंच नांव देतात. पाण्यांत फुगून ज्वारीच्या दाण्याएवढें होणारें तें अंडें धड तरंगतहि नाहीं आणि एकदम बुडतहि नाहीं. वाहत्या धारेनें त्यास अधांतरीं झुलवीत नेलें पाहिजे. अठरा अंशांच्या पाण्यांत पिल्लूं बाहेर पडण्यास सुमारें दोन दिवस लागतात. तेवढ्यांत प्रवाह थांबला, तर अंडें तळच्या गाळांत बसतें आणि गुदमरतें. तेव्हां या माशास दोन दिवस अखंड वाहील एवढी लांब मोकळी नदी हवी. पुढची सारी हकीकत या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

दक्षिण कॅरोलिनांत सांटी व कूपर या नद्यांवर १९३९ ते १९४२ या काळांत विजेसाठीं धरणें झालीं, आणि मॅरियन व मोल्ट्री असे दोन विस्तीर्ण तलाव निर्माण झाले. समुद्राकडून वर आलेले कांहीं पट्टेदार मासे धरणांमागें अडकले. पिनोपोलिसच्या धरणांत नौका चढविण्या-उतरविण्यासाठीं पाण्याचीं दारें आहेत, त्यांतूनहि कांहीं वर आले असावेत. समुद्राचा मासा गोड्या तळ्यांत कोंडला गेला, तर एक पिढी जगेल आणि संपेल, असें कोणासहि वाटलें असतें. घडलें मात्र उलट. तलावांच्या माथ्याकडे काँगारी आणि वॉटरी या नद्या मोकळ्या वाहत होत्या. दर वसंतांत मासे तलावांतून त्या नद्यांत चढूं लागले, अंडीं धारेवर झुलत खालीं येऊं लागलीं, आणि तलाव हाच त्या माशांचा समुद्र झाला. १९५० च्या दशकांत ही गोष्ट निर्विवाद ठरली.

मग प्रत्येक संस्थानास आपल्या तलावांत हा मासा हवासा झाला. माशास गांव बदलून देण्याचा प्रयोग अमेरिकन लोकांस नवा नव्हता. १८७९ सालीं न्यू जर्सीकडील नद्यांतून आगगाडीनें नेलेले अवघे १३२ लहान मासे त्यांनीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरांत सोडले, १८८२ सालीं आणखी सुमारें तीनशें; आणि वीस वर्षांच्या आंत तेथें वर्षाकांठीं दहा लाख पौंडांहून अधिक माल बाजारांत येऊं लागला! परंतु तळ्यांसाठीं पिल्लें आणावयाचीं कोठून? उत्तर कॅरोलिनांत वेल्डन येथें १८८० च्या दशकापासून अंडीं उबविण्याचें काम चाले; तथापि त्यास नेमक्या घटकेला पिकलेली मादी नदींत सांपडावी लागे. १९६० च्या दशकाच्या आरंभीं दक्षिण कॅरोलिनांतील मंक्स कॉर्नर येथें रॉबर्ट स्टीव्हन्स या मत्स्यशास्त्रज्ञानें मादीस अंतःस्रावाची सुई टोंचून ठरल्या वेळीं अंडीं काढण्याची रीत बसविली, आणि प्रश्न सुटला. याच मंडळींनीं पट्टेदार मादी व पांढऱ्या बास जातीचा नर यांच्यापासून एक संकरित मासाहि तयार केला. तो आज पुष्कळ तलावांत दिसतो. मूळ मासा मात्र फारच थोड्या तलावांत आपल्या बळावर प्रजा वाढवितो. व्हर्जिनियाच्या सीमेवरील केर तलाव आणि टेक्सास-ओक्लाहोमांच्या मधला टेक्सोमा हे त्यांतले प्रसिद्ध. कारण दोहोंच्या माथ्यास लांब मोकळ्या नद्या आहेत. नॉरिस, चेरोकी वगैरे ठिकाणीं सरकार पिल्लें आणून सोडतें, म्हणून मासा दिसतो.

आतां मथळ्यांतल्या प्रश्नाकडे वळूं. एकट्या नॉरिस तलावाचा कांठ आठशें मैलांहून अधिक लांब भरतो. एवढ्या पाण्यांत मासा हुडकावा कसा? भाच्याच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. कारखान्यांतून निवृत्त झालेले, वयानें आमच्याहून चार-सहा वर्षें वडील, बोलणें मोजकें. आमच्या पहिल्या मुक्कामांत त्यांनीं आम्हां दोघांस आपल्या नावेंतून नेलें. आम्हांस मासे धरावयाचे नव्हते, त्यामुळें सारा वेळ प्रश्न विचारण्यास मोकळा होता, आणि भाचा दुभाषाचें काम करीत होता.

त्यांचें म्हणणें असें कीं, आधीं या माशाचें अन्न शोधावें. शॅड, एलवाइफ अशा जातींचे बोटभर-वीतभर मासे थव्यांनीं फिरतात, आणि पट्टेदार मासा त्यांच्या मागावर असतो. कांठच्या झुडपांत दबा धरून बसणाऱ्या माशांतला तो नव्हे. खुल्या पाण्यांत टोळी करून हिंडणारा आहे. तलावाच्या तळाशीं जुन्या नदीचें पात्र बुडालेलें असतें. तें पात्र हा त्याचा राजमार्ग. पात्राच्या वळणावर जेथें डोंगराची सोंड पाण्यांत उतरते, जेथें एखादी बुडालेली टेंकडी वर येते, जेथें उपनदीचें पात्र मुख्य पात्रास मिळतें, तेथें तो भक्ष्यास कोंडींत पकडतो. म्हणून हे लोक धरण होण्यापूर्वींचे नकाशे जपून ठेवतात. शेजाऱ्यांच्या नावेंत प्रतिध्वनीवरून तळ दाखविणारें यंत्र होतें; तरी त्यांची नजर वारंवार आकाशाकडे जाई. याचें कारण पुढें कळलें. शरदांत पाणी निवूं लागलें कीं, शॅडचे थवे लहान खाड्यांत शिरतात, खालून पट्टेदार मासे त्यांस वर रेटतात आणि वरून कुरर पक्षी झडप घालतात. पक्षी घिरट्या घालीत असले कीं, यंत्राकडे पाहण्याची गरजच नाहीं.

वसंतांत ठिकाण ठरलेलेंच. अंडीं फुकट जाणार असलीं, तरी उपजत ओढ सुटत नाहीं. मासे तलावाच्या माथ्याकडे नदीमुखांत चढतात, किंवा वरच्या धरणाच्या पायथ्याशीं धारेंत येऊन थडकतात. हिवाळ्यांत औष्णिक वीजकेंद्रांचें ऊन पाणी जेथें नदींत पडे, तेथें शॅड ऊब घेण्यास जमत आणि त्यांच्यामागून हे. २०१३ सालीं अलाबामांत ब्लॅक वॉरियर नदीवर गॉर्गस वीजकेंद्राजवळ ६९ पौंड ९ औंसांचा मासा सांपडला. गोड्या पाण्यांत अडकलेल्या पट्टेदार माशांचा जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. तें केंद्र २०१९ सालीं बंद पडलें. नॉक्सव्हिलजवळचें बुल रन केंद्रहि २०२३ च्या डिसेंबरांत थंड झालें, आणि तेथल्या हिवाळी शिकाऱ्यांचें वर्षानुवर्षांचें ठिकाण गेलें. कोळसा जळणें थांबलें याचें कोणास वाईट वाटेल, असें आम्हांस पूर्वीं खरें वाटलें नसतें.

उन्हाळ्याची गोष्ट मात्र निराळी, आणि ती जरा सावकाश सांगितली पाहिजे.

आपल्या न्हाणीघरांतल्या बंबांत वरचें पाणी कढत व तळचें कोमट असतें, हें घरांतलें मूलहि सांगेल. खोल तलावाचें तसेंच आहे. उन्हानें वरचें पाणी तापतें, हलकें होतें आणि वरच राहतें. तळचें थंड, जड पाणी खालींच राहतें. दोहोंच्या मध्यें एक पातळ थर असा असतो कीं, हाताच्या अंतरागणिक पाणी थंड होत जातें. हा पडदा एकदां बसला कीं, वरचा वारा तळापर्यंत पोंचत नाहीं. वरून पडणारीं मेलेलीं शेवाळें आणि पालापाचोळा तळाशीं कुजत राहतो, आणि कुजण्यास प्राणवायु लागतो. होतां होतां ऑगस्टापर्यंत तळच्या पाण्यांतला प्राणवायु संपुष्टांत येतो.

मोठ्या पट्टेदार माशास सुमारें वीस अंशांच्या आसपासचें पाणी मानवतें. पंचवीस अंशांच्या वर त्याचा जीव कासावीस होतो. लहान पिल्लांस मात्र तेंच ऊन पाणी आवडतें, हें विशेष. त्याचबरोबर लिटरमागें दोन-तीन मिलिग्रॅम तरी प्राणवायु नसेल, तर तो तेथें राहूं शकत नाहीं. म्हणजे वर जावें तर उष्मा, खालीं जावें तर श्वास कोंडतो! ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंतील चार्ल्स कूटंट या शास्त्रज्ञानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं माशांच्या अंगांत उष्णता कळविणारे बारीक ध्वनिप्रेषक बसवून त्यांचा माग काढला, आणि १९८० च्या दशकांत ही कोंडी जगापुढें मांडली. चेरोकी तलावांत त्यांस असें आढळलें कीं, उन्हाळ्याच्या शेवटीं सगळ्या तलावांतले मोठे मासे थोड्याशा जागांत दाटीवाटीनें येऊन राहतात. जेथें चुनखडीच्या डोंगरांतून थंड झरा फुटतो, किंवा एखादा गार ओढा मिळतो, अशा जागा. तेथें अन्न पुरत नाहीं. मासे हाडकतात, रोगानें मरतात, आणि ऑगस्टच्या अखेरीस मोठमोठे मासे मरून तरंगलेले दिसतात.

तेव्हां ऐन उन्हाळ्यांत मासा कोठें सांपडतो, याचें उत्तर सर्वांत सोपें: झऱ्याच्या मुखाशीं. एकदां जागा कळली कीं, पोरानेंहि गळ टाकावा आणि मासा काढावा.

आमचा दुसरा मुक्काम ऑगस्टांत होता. भाच्यानें शेजाऱ्यांस विचारलें, तर त्यांनीं गळ, काठ्या केव्हांच गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या. "जागा मला डोळे मिटूनहि दाखवितां येईल," ते म्हणाले, "पण ऑक्टोबरपर्यंत विचारूं नका." भाचा तरुण, नुकतीच स्वतःची नाव घेतलेली. त्यानें नकाशा व यंत्र यांच्या साहाय्यानें चार दिवसांत एक जागा स्वतः हुडकली आणि मोठ्या हौसेनें म्हणाला, "मामा, तुम्ही चला, तुम्हांला पडद्यावर मासे दाखवितों."

खरोखरच दाखविले. बाहेर पाणी हाताला ऊन लागत होतें. तेथें यंत्राच्या पडद्यावर पंचवीस फुटांखालीं कमानींची नुसती रास पडलेली. गळ टाकून पांच मिनिटें झालीं नसतील, तोंच काठी वांकली. मासा जवळ जवळ पाव तास झगडला. वर आला तेव्हां सहज वीस पौंडांचा असेल, पण डोकें मोठें आणि पोट खपाटीस गेलेलें. घरीं खाणारें कोणी नाहीं, तेव्हां सोडावयाचा हें ठरलेलेंच होतें. भाच्यानें त्याचा जबडा धरून त्यास पाण्यांत मागें-पुढें हलविलें, कल्ले चालूं लागलेसे वाटले, आणि तो तिरका होत खालीं गेला. आम्ही निघण्याच्या तयारींत असतां वीस-पंचवीस हातांवर पांढरें पोट वर आलें. भाचा नाव घेऊन गेला, पुन्हां त्यास हातांत धरून बसला, बराच वेळ. उपयोग झाला नाहीं. झगड्यानें थकलेल्या माशास सर्वांत अधिक प्राणवायु लागतो, आणि वरच्या ऊन पाण्यांत तो सर्वांत कमी मिळतो. थंड ऋतूंत सोडलेला मासा बहुधा जगतो, उन्हाळ्यांतला बहुधा दगावतो. परत येतांना भाचा एक शब्दहि बोलला नाहीं. त्या यंत्रांत त्यानें त्या जागेची खूण नोंदवून ठेविली होती, ती रात्रीं पुसून टाकली.

याविषयीं सरकारी उपाय नाहींत असें नाहीं. चेरोकी तलावाचा कांहीं भाग भर उन्हाळ्यांत मासेमारीस बंद ठेवतात. सांटी-कूपरकडे उन्हाळ्याच्या महिन्यांत हा मासा ठेवून घेण्यासच बंदी घातली गेली. टेनेसी खोऱ्याच्या मंडळानें चेरोकी धरणामागें तळाशीं नळ्या अंथरून पाण्यांत प्राणवायु सोडण्याचीहि योजना केली. तरी सोडून दिलेला मासा जगला असें धरून चालणारे हौशी पुष्कळ, आणि यंत्रें दरसाल अधिक चांगलीं होत आहेत. आमच्या मतें शेजाऱ्यांचा नियम सर्वांत सोपा व कडक आहे, पण तो एका माणसापुरता आहे, ही त्यांतली अडचण.

आपल्याकडे या माशासारखाच समुद्रांतून नदींत चढणारा मासा म्हणजे हिलसा. १९७५ सालीं फराक्का येथें गंगेवर बांध झाला. त्यापूर्वीं हिलसा प्रयागपर्यंत आणि त्याच्याहि वर जात असे. बांधानंतर वरच्या कोळ्यांच्या जाळ्यांत तो जवळजवळ दिसेनासा झाला. तेथें सांटीचा चमत्कार घडला नाहीं. अलीकडे बराकपूरच्या मत्स्यसंशोधन संस्थेचे लोक हिलसा धरून बांधाच्या वर नेऊन सोडीत आहेत. उलट आमच्या खानदेशांतून जाणाऱ्या तापीवर गुजराथेंत जें उकाई धरण आहे, त्याच्या मागें समुद्रास न जातां राहिलेला हिलसा शास्त्रज्ञांस आढळला आहे. या विषयावर कोणी मराठींत लिहील तर वाचण्यास आम्ही उत्सुक आहों.

आणि झऱ्याच्या मुखाशीं जमणाऱ्या माशांची गोष्ट निघाली, तर रायगड जिल्ह्यांतील वाळणकोंडीचें स्मरण होतेंच. महाडच्या बाजूस काळ नदीच्या पात्रांत हा खोल डोह आहे. उन्हाळ्यांत नदीची धार बारीक झाली तरी डोहांत पाणी राहतें, आणि महसीर जातीचे मासे तेथें गोळा होतात. ते वरदायिनी देवीचे मासे. त्यांस कोणी धरीत नाहीं. भाचा गेल्या मे महिन्यांत रजेवर आला, तेव्हां आम्ही त्यास तेथें नेलें. खडकावर बसून मूठभर चुरमुरे टाकले, तों हातहातभर लांबीचे काळसर मासे एकमेकांवर उसळत वर आले. भाच्यानें त्यांचें चित्र काढून तेथूनच शेजाऱ्यांस पाठविलें. संध्याकाळीं आम्ही महाडास चहा घेत असतां उत्तर आलें. मासे किती पौंडांचे असतील एवढेंच त्यांनीं विचारलें होतें, आणि खालीं लिहिलें होतें कीं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यांत नाव तयार ठेवतों.